पायाखालचा पत्रा

मनीषनगर, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

बाबनभाऊजी,

…दोन बादल्या पाणी, एक जुनं बनियन आणि चिमूटभर सोडा. गेल्या एप्रिलात त्या सकाळी साडेसहाला मी गाडीची काच पुसत होते आणि तुमचे दादा पायरीवर बसून चहा पीत होते. कपातला शेवटचा घोट ते नेहमी मोगऱ्याच्या कुंडीत टाकायचे. चहाने मोगरा फुलतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तो कधी फुलला नाही. आत कणीक भिजवून झाली होती, वरणाला एक शिट्टी बाकी होती. मी दाराखालून फडकं फिरवलं तर हातात लाल भुगा आला. म्हटलं, "अवो, खालून पत्रा झडून राहिला." ते म्हणाले, "झडू दे वं. आपण का कमी झडलो?" त्याच दिवशी अकरा वाजता त्यांना दवाखान्यात नेलं आणि ते परत आले नाहीत. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पत्र लिहिण्याचं कारण गाडीच आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ग्रामसेवकीत तीस वर्षं काढल्यामुळे कागदावर नसलेलं तुम्हाला खरं वाटत नाही.

तेराव्याला मांडवात उभं राहून तुम्ही जाहीर केलंत की दादांची फियाट मौद्याला चबुतरा बांधून त्यावर ठेवायची, आणि मी मान हलवली. त्या दिवशी कोणी विचारलं असतं की सुभद्राबाई, तुम्हालाच उचलून चबुतऱ्यावर ठेवू का, तरी मी मान हलवली असती. पण शब्द दिला तो दिला. गाडी देईन. फक्त सडलेली देणार नाही. वर्धा रोडवरचा दुर्गेश डेंटर येऊन पाहून गेला. त्याने हातोडीने सगळीकडे ठोकून पाहिलं. जिथे ठण्ण वाजलं तिथे पत्रा, जिथे थप वाजलं तिथे नुसता रंग. म्हणाला, "काकू, ही गाडी नाही, चाळणी आहे. रंगाच्या भरवशावर उभी आहे." सडलेलं कापून नवी ठिगळं वेल्ड करायची ठरलं आहे.

एक मागणं आहे. कार्यक्रमाला गणपतरावांना बोलवा. ते दादांचे शाळेपासूनचे मित्र. ही गाडी ढकलण्यात त्यांच्याइतका घाम कोणी गाळला नसेल.

सुभद्रा


मौदा
९ फेब्रुवारी २०२५

गं. भा. सुभद्रावहिनी यांस,

विषय : स्व. रुपराव स्मृती चबुतरा व त्यावरील वाहन.
संदर्भ : आपले दि. ३ चे पत्र.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, चबुतऱ्याचे काम पूर्णत्वास आले असून उंची साडेपाच फूट आहे. सबब गाडीची खालची बाजू कोणासही दिसणार नाही. वेल्डिंगची आवश्यकता नाही. भोकांत लप्पम (पुट्टी) भरून वरून चकचकीत रंग मारावा. पाहणारा बारा फुटांवरून पाहणार आहे. गाडी आल्यावर इंजिन काढून घेऊ व चाके सिमेंटमध्ये बसवू, म्हणजे ती कायमची स्थिर होईल. तसा ठराव समितीने सर्वानुमते पारित केला आहे. (समिती : मी, माझा मुलगा चि. वैभव, चि. वैभवचे सासरे.)

कोनशिलेवरील मजकूर : "ज्यांनी या वाहनातून शेकडो रुग्णांना दवाखान्यात पोहोचविले ते सत्यनिष्ठ रुपराव." अनावरण प्रथम पुण्यतिथीस, रविवार दि. २० एप्रिल रोजी, मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते. यंदा निवडणुका लागतील व चि. वैभव जिल्हा परिषदेस इच्छुक आहे, परंतु त्याचा चबुतऱ्याशी काही संबंध नाही.

गणपतरावाबाबत : त्यास बोलावणे नाही. सत्त्याण्णव साली मी मुदतपूर्व निवृत्ती घेऊन जिल्हा परिषदेस उभा राहिलो, तेव्हा माझा प्रचाराचा पत्र्याचा फलक चौकातून त्यानेच चोरला. मी एक्केचाळीस मतांनी पडलो. तो फलक राहता तर निकाल वेगळा लागता, हे सर्व तालुक्यास ठाऊक आहे. चोरास मंडपात घेता येत नाही.

आपला,
बाबनराव (निवृत्त ग्रामसेवक)


मनीषनगर
१६ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावर गं. भा. लिहू नका. नवा पोस्टमन मला गंगाबाई म्हणून हाक मारून राहिला आहे.

शेकडो रुग्ण कोणते ते मला आठवेना. मी बसून मोजले. दोन भरले. एक गणपतरावांची आई. गाडी पारडीला बंद पडली आणि म्हातारी रिक्षाने पुढे गेली. दुसरे तुम्ही, मूळव्याधीच्या वेळी, आणि तेव्हा तुम्हीच उतरून धक्का मारला होता.

वैभवने फोनवर सांगितलं की भाषणात एक वाक्य आहे, "दादांनी निरक्षर पत्नीस साक्षर केले." तेही काढा. मला गाडीने साक्षर केलं. ती कुठेही बंद पडायची. दादा मिस्त्री शोधायला जायचे आणि मी आत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्या लावत राहायचे. बर्डीवर 'ब' कळला, इतवारीत 'इ'. गांधीबागेत एकदा साडेतीन तास थांबलो तेव्हा सगळी जोडाक्षरं झाली. पाट्या संपल्या तेव्हा वाचनालयात नाव घातलं. गाडी धड चालली असती तर मी आजही अंगठा उठवत असते. नागपुरात माझ्या नजरेतून सुटलेली पाटी नसेल.

वेल्डिंग सुरू झालं आहे. दुर्गेश पन्नाशीचा माणूस आहे, हळू काम करतो. सडलेला भाग कापतो, पुठ्ठ्याचा नमुना काढतो, त्यावर पत्रा बेततो. मग एक टाका इकडे, एक पार तिकडे, मध्ये ओलं फडकं लावून थंड करतो. मी विचारलं, "सरळ एका ओळीने काहून नाही मारत?" तर म्हणे, "एका जागी तापवलं तर पत्रा फुगते. बायकांनी गोधडी कशी आधी चारी कोपरे धरून टाचावी, तसं." मी लप्पमचं विचारलं. त्याने तुमचं पत्र वाचलं आणि परत दिलं. म्हणाला, "साहेब लई वर्षं सरकारात होते काय?"

गणपतरावांचं पुन्हा विचारते. मित्राच्या दिवसाला मित्र नको, हे मला पटत नाही.

सुभद्रा


मौदा
२४ फेब्रुवारी

श्रीमती सुभद्रावहिनी यांस,

वेल्डिंग तात्काळ थांबवावे. चि. वैभव दि. १० मार्च रोजी ट्रक पाठवीत आहे. उर्वरित लप्पम येथे भरून घेऊ. रुग्णसंख्येबाबत आपली हरकत नोंदविली. "शेकडो" ऐवजी "असंख्य" करण्यात आले आहे. कारण मोजले नसल्यास असंख्यच म्हणतात.

गणपतरावाचा विषय बंद.

बाबनराव


मनीषनगर
४ मार्च

भाऊजी,

ट्रक पाठवू नका. आधी हे वाचा, आणि बसून वाचा.

शनिवारी दुर्गेशने पुढच्या सीटा काढल्या, रबराची मॅट उचलली आणि तळाचं डांबर खरवडायला घेतलं. मी आत ताक घुसळत होते. त्याने हाक मारली, "काकू, इथं कोणीतरी बसून आहे."

मी येऊन वाकून पाहिलं. डांबराखाली एक डोळा होता आणि अर्धी मिशी.

"ओळखीचा आहे काय?" दुर्गेशने विचारलं.

म्हटलं, "दीर आहे."

तुमचा फलक सापडला, भाऊजी. कापून त्याची चार ठिगळं केली आहेत. माझ्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी, तुमचा चेहरा. दादांच्या बाजूला शिलाई मशीन, तुमची निशाणी. डिकीत "आपला माणूस, आपल्या कामाचा". दाराच्या आत खाली "बाबनर". टाक्यांजवळ दोन-दोन बोटं रंग जळाला आहे, मधला शाबूत आहे. दुर्गेश म्हणतो, या गाडीत एवढाच पत्रा सडला नाही. तुम्ही जाड घेतला होता.

गणपतरावांनी तो चोरला नव्हता. दादांनी नेला होता. त्यांना विचारल्याशिवाय गाडीला एक खिळाही लागत नव्हता. आणि मग सत्तावीस वर्षं तुमच्या पंगतीला बसून त्यांनी गणपतराव चोर असल्याचं ऐकलं आणि भाजी वाढून घेतली. मीही शेजारीच वाढत होते. गावभरच्या पाट्या वाचणारी मी, आणि जिच्यावर पाय ठेवून बसले ती वाचली नाही.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. मुरमुरे खाल्ले. त्यांच्या फोटोला रोज हार बदलते, तो दुसऱ्या दिवशी बदलला. रागावले होते असं नाही. त्यांच्याशी मी रोज सकाळी बोलते, तेवढं त्या दिवशी राहिलं.

आता काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही गणपतरावांना चोर म्हटलंत, तेव्हा आधी तुम्हाला कळवणं माझं काम होतं.

सुभद्रा


मौदा
१० मार्च

गोपनीय

आदरणीय वहिनी,

आपले पत्र मिळाले व वाचून तात्काळ कुलूपबंद केले. ते आणखी कोणास दाखविले आहे काय? सदर डेंटर कोणत्या पक्षाचा आहे?

फलक माझ्या मालकीचा असल्याने चारही तुकडे कापून, गोणपाटात बांधून, माझ्याकडे पोहोचते करावेत. वरून काही लिहू नये.

दरम्यान समितीची तातडीची बैठक झाली. त्यात अशी शक्यता पुढे आली की, फलक गणपतरावानेच चोरला, भंगारात विकला आणि भंगारवाल्याकडून दादांनी अजाणतेपणी खरेदी केला. ही शक्यता एकमताने सत्य ठरविण्यात आली आहे.

वहिनी, आपण सुज्ञ आहात. इतका मजकूर आपण विनाकारण लिहिणार नाही. आपली अट काय ते स्पष्ट कळवावे. मंचावर पहिल्या रांगेत खुर्ची देऊ. कोनशिलेवर "सुभद्राबाई यांच्या प्रेरणेने" अशी ओळ घालता येईल. समितीवर महिला प्रतिनिधीची जागा रिक्तच आहे. चि. वैभवच्या प्रत्येक भाषणात चोरीस गेलेला फलक आहे. तो काढला तर भाषणात उरते काय, याचा आपणच विचार करावा.

बाबनराव


मनीषनगर
१८ मार्च

भाऊजी,

माझी काही अट नव्हती. तुम्ही इतकं विचारलंत म्हणून आता सुचली.

पण आधी एक गोष्ट कबूल करायची आहे. चार रात्री झोप नीट नव्हती तेव्हा आठवली. त्याच सालची, तुमचा प्रचार जोरात होता तेव्हाची. आम्ही मौद्याला येत होतो. भंडारा रोडवर माझा डावा पाय तळाच्या पत्र्यातून खाली गेला. पाय वर ओढला, चप्पल रस्त्यावर राहिली. मी मांडी घालून तुमच्या दारापर्यंत आले आणि सगळ्यांसमोर दादांना म्हटलं, "आता या गाडीत मी पाय ठेवणार नाही." तुमच्या आईने पदरात तोंड लपवून हसून घेतलं. आठ दिवसांनी गाडीला नवा तळ होता. मी विचारलं, "पत्रा कुठून आणला?" म्हणाले, "मिळाला वं, बस." मी बसले. मला पाय ठेवायला जागा झाली होती, पुढचं विचारायची गरज वाटली नाही.

त्यांना वाटलं असेल, फलक एवढे लागले आहेत, एक गेला तर काय. मग तुम्ही पडलात, आणि दुसऱ्याच दिवशी चौकात उभं राहून गणपतरावांचं नाव घेतलंत. त्यानंतर खरं सांगायला रोज थोडा जास्त उशीर होत गेला असेल. मी त्यांची बाजू मांडत नाही. मला ते माहीत आहेत म्हणून लिहिते. ते खोटं बोलणारे नव्हते. गप्प बसणारे होते. दोन्हीत गणपतरावांना काही फरक पडला नाही.

गणपतरावांचं काय काय गेलं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. दूध सोसायटीतून नाव काढलं. लग्नकार्यात अक्षता द्यायला कोणी त्यांच्या दाराशी जात नव्हतं. दादांच्या तेराव्याला ते रस्त्यापलीकडे उभे होते. मी पाहिलं होतं. मला वाटलं, भांडण आहे तर असू दे.

अट अशी. गणपतरावांच्या घरी जा आणि त्यांना सांगा, "फलक तुम्ही नेला नव्हता, माझ्या भावाने नेला." मंडप नको, माईक नको. तेवढं झालं की गाडी घेऊन जा. इंजिन काढा, चाकं सिमेंटमध्ये रोवा, मी शब्दाला जागेन. नाही गेलात तर गाडी इथेच राहील.

तुकडे कापून मिळणार नाहीत. दुर्गेश म्हणतो, सडलेलं कापायचं असते, चांगला पत्रा नाही. त्याने तुमच्या मिशीच्या कडेला धरून नवा पत्रा जोडला आहे. टाका छान बसला आहे.

खुर्ची, कोनशिला आणि समिती तुमच्याकडेच असू द्या.

सुभद्रा


मौदा
२१ एप्रिल

श्रीमती सुभद्रावहिनी यांस,

विषय : अनावरण सोहळा यशस्वीरीत्या पार पडल्याबाबत.

आपल्या दि. १८ मार्चच्या पत्रातील अट समितीने फेटाळली. गाडी न आल्याने कार्यक्रम अडेल असे आपणांस वाटले असल्यास तसे घडले नाही. गाडीचा बारा बाय आठ फुटांचा फ्लेक्स चबुतऱ्यावर उभारण्यात आला. पाहुण्यांचे मत पडले की, खऱ्या गाडीपेक्षा फ्लेक्स बरा, गंजत नाही. पाहुणे अडीच तास उशिरा आले. त्यांनी फ्लेक्सला हार घातला व नारळ फोडला. वाऱ्याने फ्लेक्स दोनदा पडला, परंतु दोन्ही वेळा मागे धरून उभे असलेल्या कार्यकर्त्यांनी सावरला. आपली खुर्ची राखून ठेवली होती. नंतर तिच्यावर पाहुण्यांचे पीए बसले.

चि. वैभवचे भाषण प्रभावी झाले. "ज्यांनी माझ्या वडिलांचा फलक चोरला ते आजही याच गावात ताठ मानेने फिरून राहिले आहेत," या वाक्यास मोठ्या टाळ्या पडल्या. गणपतराव समोरच पानठेल्यापाशी उभा होता. लोक वळून त्याच्याकडे पाहू लागले तेव्हा तो निघून गेला. पानाचे पैसे देऊन पान तिथेच विसरला, असे ठेलेवाल्याने सांगितले.

तेव्हा सर्व प्रकरण मिटले असे समजावे. गाडीची आता समितीस गरज नाही. शक्य तितक्या लवकर भंगारात द्यावी, ही विनंती. भंगारवाला मी पाठवू शकतो.

बाबनराव


मनीषनगर
२७ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी आलं. एकदा वाचलं. पानाचं वाक्य पुन्हा वाचलं.

वैभवचा मला राग नाही. त्याला जे ऐकवत मोठं केलं तेच तो बोलला. तुमचाही फार नाही. फलक हरवला तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं असेल की गणपतरावांनी नेला. पण दीड महिन्यापूर्वी तुम्हाला कळलं, आणि त्यानंतर तुम्ही मुलाला माईक दिलात.

मी मात्र महिनाभर तुमच्या उत्तराची वाट पाहत बसले. मनात म्हणत होते, बाबनभाऊजींनी सांगितलं तर बरं, चोर म्हणणाऱ्यानेच ते मागे घ्यावं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही होतं. कोणी दादांना चोर म्हणेल, ते मला ऐकावं लागेल. चबुतरा मलाही नको होता असं म्हणवत नाही. दगडावर त्यांच्या नावापुढे "सत्यनिष्ठ" कोरलेलं वाचायला मला आवडलं असतं. मी तो शब्द गांधीबागेतल्या एका पतपेढीच्या पाटीवर शिकले होते. पतपेढी पुढे बुडाली.

गुरुवारी संध्याकाळी गाडीवर हात फिरवून पाहिला. ठिगळं कुठे जोडली ते दिसतं. दुर्गेशने विचारलं होतं, "घासून सपाट करून देऊ काय? कोणाले कळणार नाही." मी नको म्हटलं होतं. त्याला फोन केला, सकाळी मौद्याला चलायचं आहे का विचारलं. तो म्हणाला, "बंद पडली तर?" म्हटलं, "पडली तर पडली. वाचायला पुस्तक घेते."

फोटोपुढे जाऊन दादांना सांगितलं, उद्या जाऊन येते. कुठे ते त्यांना कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही सातला निघालो आणि गाडी कुठेही बंद पडली नाही. गणपतराव अंगणात खाटेवर बसून वाळवणावरच्या चिमण्या हाकलत होते. ते उठून फाटकाशी आले. म्हणाले, "वयनी, रुपरावची गाडी? मले वाटलं तिले पोरांनी देव करून टाकलं." मी दार उघडून मॅट काढली आणि त्यांना वाकून पाहा म्हटलं. "वाकाले गुडघे कुठं आहेत वयनी," असं म्हणत ते सीटला धरून खाली बसले. पत्र्यावरच्या मिशीवरून त्यांनी बोट फिरवलं. आजूबाजूच्या दारांत माणसं आली होती, तुमच्याकडची सून होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा पत्रा गणपतरावांनी नेला नव्हता, माझ्या नवऱ्याने नेला होता, आणि माझा पाय खाली जाऊ नये म्हणून नेला होता.

सुभद्रा